पंखा बंद करून वाचणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ऑनलाइन स्वयंसेवा हा विषय घ्यायचं मनात आहे. गाईड म्हणतात, यावर साहित्य सापडणार नाही, आणि घरबसल्या मोबाईलवर केलेल्या कामाला समाजकार्य म्हणायचं का, तेही आधी ठरव. तुम्ही बरीच वर्षं असं काम चालवताय. यावर संशोधनाची खरंच गरज आहे का? असेल तर नेमकी कशावर?"

गाईडचं पहिलं म्हणणं चूक आहे. साहित्य भरपूर आहे, फक्त ते या नावाच्या कपाटात ठेवलेलं नाही. खगोलशास्त्रज्ञ त्याला सिटिझन सायन्स म्हणतात, संगणकवाले क्राउडसोर्सिंग म्हणतात, कायदा आणि अर्थशास्त्रवाले पीअर प्रॉडक्शन म्हणतात, आपत्ती व्यवस्थापनातले लोक डिजिटल ह्युमॅनिटेरियन म्हणतात. आपण शोधताना 'व्हॉलंटिअर' हा शब्द टाकतो, ते लिहितात 'युजर' किंवा 'कॉन्ट्रिब्युटर'. त्यामुळे समाजकार्याच्या विभागापर्यंत यातलं काही पोचत नाही. ही चार नावं टाकून पुन्हा शोधा, पहिल्या प्रकरणाची चिंता मिटेल.

दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येते.

आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. पुण्यात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याच्या एका लहानशा कामाची मी समन्वयक आहे. पूर्वी लोक संस्थेत येऊन, काचेच्या खोलीत बसून वाचायचे. स्मार्टफोन आले तसं काम घरोघरी गेलं. आता आमचे वाचक अकोल्यात आहेत, चिपळुणात आहेत, दुबईत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मी कधीच प्रत्यक्ष भेटलेले नाही. (कायद्याचं विचाराल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी असं रूपांतर करायला मुभा आहे, आणि याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. हे इथे सांगायचं कारण एवढंच की दर तिसरा नवा वाचक पहिल्याच फोनवर "पण हे चालतं का हो?" असं विचारतो.)

तर गरज आहे का? आहे. पण ती कुठे आहे ते समजायला जे संशोधन झालंय ते कुठे साचलंय हे आधी पाहावं लागेल.

ही कल्पना करोनात जन्मलेली नाही. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला आणि जुनी पुस्तकं संगणकावर मोफत वाचायला देणारं प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झालं. २००० पासून डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स या संकेतस्थळावर जगभरातली माणसं जुन्या पुस्तकांचं एकेक पान तपासू लागली. त्याच्या थोडं आधी, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जेन क्रेव्हन्स यांनी व्हर्च्युअल व्हॉलंटिअरिंग प्रोजेक्ट चालवला, आणि २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाने आपली ऑनलाइन सेवा सुरू केली. म्हणजे पाव शतक उलटून गेलं. एवढ्या काळात आम्हा समन्वयकांच्या हातात जे आहे ते बहुतेक एकमेकांना सांगितलेले आडाखे आहेत. काम लहान तुकड्यांत द्या. चोवीस तासांच्या आत उत्तर द्या. पहिल्या आठवड्यात एक फोन कराच. असतीलही सगळे बरोबर. सासूने सुनेला सांगितलेल्या लोणच्याच्या प्रमाणासारखं आहे ते, बिघडत नाही तोवर कुणी तपासत नाही.

जिथे तपासलं गेलं तिथे मात्र चांगलं तपासलं गेलं. ओडेड नोव्ह या संशोधकाने २००७ मध्ये विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना विचारलं, तुम्ही हे का करता? 'मजा येते' हे कारण सगळ्यात वर आलं, 'ज्ञान सर्वांना मोकळं असावं' ही तत्त्वाची बाजू दुसरी. पण गंमत पुढे आहे. तत्त्वाला भरपूर गुण देणारे लोक प्रत्यक्षात जास्त काम करत होते असं दिसलं नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या भरतीच्या पत्रकाकडे पाहिलं. त्यावर वरपासून खालपर्यंत तत्त्वच होतं.

२०१२ मधला रेस्टिव्हो आणि व्हान डे रायट यांचा प्रयोग याहून नेटका आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का लोकांमधून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे शंभर जण निवडले आणि त्यांच्या पानावर 'बार्नस्टार' नावाचा कौतुकाचा बिल्ला लावला, दुसऱ्या शंभरांना काही दिलं नाही. बिल्ला मिळालेल्यांचं काम ६० टक्क्यांनी वाढलेलं निघालं. पुढे याना गॅलुस यांनी जर्मन विकिपीडियावर नवख्यांना असंच कौतुक देऊन पाहिलं, तर टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. आणि २०१५ मध्ये साउरमान आणि फ्रान्झोनी यांनी झूनिव्हर्सच्या, म्हणजे सामान्य लोकांकडून विज्ञानाची कामं करून घेणाऱ्या संकेतस्थळाच्या, सात प्रकल्पांचे पहिले १८० दिवस मोजले. एक लाखाहून थोडे अधिक लोक आले, त्यांनी मिळून जवळपास १ लाख ३० हजार तास दिले. बहुतेक जण एकदाच येऊन गेले, आणि वरच्या दहा टक्के लोकांनी सुमारे ८० टक्के काम उचललं. गणेशोत्सवाचं मंडळ चालवलेल्या कुणालाही हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

या शेवटच्या तिन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखी आहे. माणूस कधी आला, काय केलं, कधी गेला, हे यंत्रानेच लिहून ठेवलं होतं. संशोधकाने ते उघडलं आणि मोजलं. याला मी कमी लेखत नाही. पण आमच्याकडचं काम कसं चालतं? व्हॉट्सॲपच्या गटावर "प्रकरण ४ कुणी घेतंय का?" असा निरोप जातो. कुणी अंगठा दाखवतं. दहा दिवसांनी फाईल येते किंवा येत नाही. मध्ये दोन फोन होतात. फोन बदलला की सगळा इतिहास जातो. भारतातल्या लहान संस्थांचं बहुतेक ऑनलाइन काम असंच आहे, आणि त्याची नोंद कुठेच नसल्यामुळे संशोधकाच्या नजरेत ते घडतच नाही.

आता पंख्याची गोष्ट.

उन्हाळ्यात आमचे वाचक गळतात. मार्चअखेरीस फाईली कमी व्हायला लागतात आणि पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा येतात. कितीतरी वर्षं आम्ही याचं कारण ठरवूनच टाकलं होतं. परीक्षा, मग सुट्ट्या, मग गावाला जाणं. काम सोडणाऱ्यांकडून एक छोटा फॉर्म भरून घ्यायचो, त्यात 'वेळ मिळत नाही' या ओळीवर जवळपास सगळे टिचकी मारायचे. आमचा अंदाज आणि त्यांचं उत्तर जुळत होतं, मग विचार कशाला करायचा?

एका वर्षी मे महिन्यात मी स्वतः फोन करायला बसले. अकोल्याच्या एका निवृत्त बाईंशी बोलणं झालं. वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. बऱ्याच वेळाने, अवघडत म्हणाल्या, "ताई, तुम्ही पंखा बंद करून वाचा म्हणता. इथे कूलर लावूनही जीव जातो." आमच्या सूचनापत्रात तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं होतं: ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा. ते वाक्य पुण्यात, डिसेंबरमध्ये, मीच लिहिलं होतं.

मग मी प्रत्येकाला पंख्याबद्दल विचारायला लागले आणि पोतडी उघडली. एक मुलगी रात्री अकरानंतर वाचायची, कारण त्याआधी घरात शांतता नाही. पण मग मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून तिचा आवाज आम्ही 'अस्पष्ट' म्हणून परत पाठवत होतो. एक जण कपाटाचं दार उघडून त्यावर गोधडी टाकून आत तोंड घालून वाचायचे. एकीकडे घरात चांगला फोन एकच होता, तो संध्याकाळी मुलाच्या क्लासला जायचा. यातल्या कुणीही फॉर्ममध्ये हे लिहिलेलं नव्हतं. 'वेळ नाही' हे मराठी माणसाचं सभ्य उत्तर आहे. लग्नाला न येण्यापासून समितीतून बाहेर पडण्यापर्यंत ते सगळीकडे चालतं.

स्वयंसेवकांच्या प्रेरणा मोजायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली क्लॅरी आणि सहकाऱ्यांची, १९९८ ची. ती सहा हेतू मोजते: मूल्यं, शिकण्याची इच्छा, माणसांशी जोडलं जाणं, नोकरीतला फायदा, मनावरचं ओझं हलकं करणं, स्वतःबद्दल बरं वाटणं. आपल्याकडचे विद्यार्थी ती जशीच्या तशी भाषांतर करून वाटतात आणि सरासरी काढतात. प्रश्नावलीत दोष नाही, हेतू मोजायलाच ती केलेली आहे. पण त्या अकोल्याच्या बाईंचे सहाही हेतू शाबूत होते. कमी होती ती बंद दाराची, थंड खोली. इंग्रजीतल्या बऱ्याचशा अभ्यासांत स्वतःची खोली, स्वतःचा संगणक आणि स्वतःचा एकांत हे गृहीत धरलेलं असतं, इतकं की त्याबद्दल प्रश्नच विचारलेला नसतो. २०१० च्या सुमारास विकिपीडियाच्या एका मोठ्या सर्वेक्षणात लिहिणाऱ्या बायकांचं प्रमाण १३ टक्क्यांहून कमी निघालं आणि त्यावर बरंच लिहून आलं: आत्मविश्वास, वादावादीचा कंटाळा, वेळ. आपल्या घरांत यापुढे आणखी दोन ओळी लिहाव्या लागतील. फोन कुणाचा, आणि दार कोण लावून घेऊ शकतं. हा लघुप्रबंधाचा विषय आहे, आणि तो घ्यायला अमेरिकेत जायला नको.

दुसरी मोठी पोकळी समोरच्या माणसाची. ज्याच्यासाठी काम चाललंय तो. इथे मी स्वतःचीच चूक सांगते. आम्ही दोन वर्षं वाचकांना भावपूर्ण वाचनाचं प्रशिक्षण दिलं. आकाशवाणीवर काम केलेल्या एका गृहस्थांनी प्रेमाने शिकवलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. वाचक खूश, आम्ही खूश. मग स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा भेटला. त्याने विचारलं, "मॅडम, ते लोक इतकं नाटकी का वाचतात?" तो सगळं दुप्पट वेगाने ऐकत होता. त्या वेगात चढउतार म्हणजे गोंगाट. त्याला हवं होतं सपाट वाचन, प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा क्रमांक, आणि तक्ता आला की रकान्यांची नावं दर ओळीला पुन्हा. पूर्ण पुस्तक त्याला नकोच होतं, परीक्षेच्या आधी तीन प्रकरणं वेळेवर हवी होती. आम्ही मात्र 'पूर्ण झालेली पुस्तकं' मोजत होतो, कारण अहवालात तोच रकाना होता.

हे फक्त आमच्याकडेच झालंय असं नाही. २००९ मध्ये शिक्षण-संशोधक सुगाता मित्रा यांच्या पुढाकाराने 'ग्रॅनी क्लाउड' सुरू झालं. ब्रिटनमधली आणि इतर देशांतली माणसं, बरीच निवृत्त शिक्षक, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायची. मित्रा यांना २०१३ चा टेड पुरस्कार मिळाल्यानंतर, मुलांनी इंटरनेटवरून आपलं आपण शिकावं म्हणून, 'स्कूल इन द क्लाउड'च्या ज्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यातली एक आपल्या फलटणला होती. मुलं इंग्रजी किती शिकली हे मोजायचे प्रयत्न झाले. मला मात्र त्या मुलांपैकी आता विशीत असलेल्या कुणाला तरी विचारावंसं वाटतं: पडद्यावरची आजी आठवते का, ती बोलायची त्यातलं किती कळायचं, जोडणी तुटली की तुम्ही काय करायचात, आणि ती एक दिवस यायची थांबली तेव्हा तुम्हाला कुणी काही सांगितलं का? सुगाता मित्रा यांच्याच आधीच्या 'भिंतीतलं भोक' प्रयोगाबद्दल (भिंतीत संगणक बसवून मुलांना आपलं आपण शिकू द्यायचं) पायल अरोरा यांनी २०१० मध्ये बाहेरून जाऊन अवघड प्रश्न विचारले होते. ज्याने काम उभं केलं तोच मोजमाप करतो, तेव्हा त्याची नजर नकळत कामाच्या बाजूने झुकते. माझीही झुकते. म्हणून बाहेरचा माणूस हवा, म्हणजे तुम्ही.

एप्रिल-मे २०२१ बद्दल लिहायला मला अजून जड जातं, पण ते टाळून या विषयावर बोलता येणार नाही. आमचे वाचक, त्यातले विशेषतः विशीतले, सगळे खाटांच्या आणि ऑक्सिजनच्या याद्यांमध्ये गेले. गूगल शीटवर रुग्णालयांची नावं, समोर 'दुपारी ४.१० ला खात्री केली' असं लिहिलेलं. रात्र रात्र फोन. त्या दोन महिन्यांत किती फोन झाले, त्यातून किती खाटा मिळाल्या, कितीदा एकाच खाटेसाठी वीस मुलांनी त्याच रुग्णालयाला फोन करून तिथली लाइन अडवून ठेवली, हे कोण सांगणार? त्या याद्या पुसल्या गेल्या, गट बंद झाले. एकोणीस वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला होता की त्याने एका घरी "खाट मिळाली" सांगायला फोन केला आणि पलीकडून "आता नको" एवढंच उत्तर आलं. त्यानंतर त्याने कधीच कुठलं काम घेतलं नाही. त्याच्यासारख्यांचं पुढे काय झालं? प्रत्यक्ष मदतकार्यात पथकाचा प्रमुख असतो, संध्याकाळी एकत्र चहा होतो, रडायला कुणाचा तरी खांदा असतो. घरात आईवडील झोपलेले असताना अंथरुणात बसून हे काम करणाऱ्याला कोण होतं?

याच्याच शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. कोविड१९इंडिया हा आकडेवारीचा उपक्रमही स्वयंसेवकांनीच चालवला, मार्च २०२० पासून ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. रोजचे जिल्हावार आकडे सरकारी पत्रकांवरून जुळवून त्यांनी खुले ठेवले, त्यामुळे त्यांच्या कामावर आणि त्यांचे आकडे वापरून पुष्कळ संशोधन झालं. मुलं दोन्हीकडे तशीच होती, कष्टही तसेच. एकीकडे तक्ता शिल्लक राहिला, दुसरीकडे काहीच नाही. त्या दुसऱ्या बाजूची माणसं आज पंचविशीत आहेत, त्यांना अजून आठवतंय. आणखी दहा वर्षांनी आठवणार नाही.

मोजणीबद्दल थोडं, कारण तुमच्या पहिल्या प्रकरणात 'भारतात ऑनलाइन स्वयंसेवक किती' असा आकडा घालायचा मोह होईल. घालू नका. अमेरिकेत दर दोन वर्षांनी जनगणना विभागाच्या मदतीने स्वयंसेवेचं सर्वेक्षण होतं; तिथेसुद्धा २०२३ च्या फेरीत पहिल्यांदा ऑनलाइनबद्दल विचारलं गेलं. संस्थांमार्फत काम करणाऱ्या सुमारे ७.५७ कोटी लोकांपैकी १८ टक्क्यांनी काही किंवा सगळं काम ऑनलाइन केल्याचं सांगितलं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे वेळेच्या वापराचं राष्ट्रीय सर्वेक्षण, २०१९ चं आणि मग २०२४ चं. २०१९ च्या फेरीची पद्धत पाहा. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत मांडलेला असतो, आणि एका खणात एकापेक्षा जास्त कामं असतील तर किमान दहा मिनिटं चाललेलीच लिहिली जातात. आमचे लोक भाजी शिजेपर्यंत दोन पानं तपासतात. अंध व्यक्तीला व्हिडिओ कॉलवर औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखवायला दीड मिनिट लागतं. ही कामं त्या खणांतून गळणारच. ते सर्वेक्षण यासाठी केलेलंच नाही, तेव्हा त्याला दोष नाही.

शिवाय शब्दाची अडचण आहे. 'तुम्ही स्वयंसेवक आहात का?' असं मराठीत विचारलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मांडवात बिल्ला लावून उभा असलेला मुलगा येतो, नाहीतर एखादी विशिष्ट संघटना. 'कार्यकर्ता' म्हणावं तर पक्षाचा. आमच्या एका वाचकबाईंनी अकरा पुस्तकं पूर्ण केली आहेत, आणि "छे, मी कसली समाजसेवा करते, मी आपली वाचते," असं त्या म्हणतात. सर्वेक्षणात त्या 'नाही' वर खूण करतील. प्रश्न विचारायचाच असेल तर क्रियापदाने विचारा: गेल्या महिन्यात ओळखीबाहेरच्या कुणासाठी काही वाचून दिलंत का, टाइप केलंत का, समजावलंत का, शोधून दिलंत का?

गाईडचं दुसरं म्हणणं इथे येतं. प्रत्येक क्लिकला समाजकार्य म्हणू नये, हे मान्य. 'बी माय आइज' हे अंध व्यक्तीला व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवकाशी जोडून देणारं ॲप २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालं. त्यात नाव नोंदवलेले डोळस स्वयंसेवक अंध वापरकर्त्यांच्या कित्येक पट आहेत. म्हणजे बहुतेकांच्या फोनची घंटा महिनोन्महिने वाजतच नाही. नाव नोंदवलं म्हणजे काम केलं असं धरून आकडे छापणाऱ्या अहवालांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. आणि २०२३ पासून त्याच ॲपमध्ये चित्र वाचून सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आमच्याकडेही विद्यार्थी आता अर्धी पुस्तकं यंत्राच्या आवाजात ऐकतात. माणसाचा आवाज त्यांना कशासाठी हवा असतो, कधी नकोसा होतो? माझा तर्क आहे की यंत्राला काही विचारताना लाज वाटत नाही, म्हणून खाजगी कागद यंत्राकडे जातील आणि गणिताची पुस्तकं आमच्याकडे राहतील. पण हा तर्कच. लोणच्याचं प्रमाण.

दोन विषय असे आहेत जे संस्था स्वतःहून कधीच पुढे करणार नाहीत. एक, समन्वयकाचा वेळ. मी एकदा महिनाभर वहीत लिहून ठेवलं होतं की कुठल्या वाचकापाठी माझा किती वेळ जातो. नव्या वाचकाच्या बाबतीत पहिली दोन प्रकरणं होईपर्यंत तो आम्हाला वेळ देत नसतो, आम्ही त्याला देत असतो. तिसऱ्या प्रकरणापासून हिशोब फिरतो. जे दुसऱ्याच प्रकरणावर जातात त्यांचा खर्च निव्वळ आमच्या अंगावर. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या फॉर्ममध्ये मात्र दोनच रकाने असतात, स्वयंसेवक किती आणि तास किती. त्यामुळे एका दुपारी शंभर कर्मचाऱ्यांना बसवून एकेक पान वाचून घेणं कागदावर उत्तम दिसतं. शंभर आवाजांतलं एक पुस्तक ऐकून पाहा एकदा.

दुसरा विषय जास्त टोचणारा. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतली की मराठीत ठरावीक घोटाळे होतात: 'ऱ्या'चा 'र्या', 'ध'चा 'घ', अनुस्वार गायब. ते तपासायला आम्ही ऑनलाइन लोक घेतले. तेव्हा आप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडे आयुष्यभर मुद्रितं तपासलेल्या एका गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं, "तुम्ही हे फुकट करून घेता. मग आम्हाला पानामागे पैसे कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आम्ही त्यांचं काम हिरावतो, की जे काम कुणीच पैसे देऊन केलं नसतं तेच करतो? यावर भाषांतरकार, मुद्रितशोधक, शिकवणी घेणाऱ्या मुली, सगळ्यांशी बोलून कुणीतरी लिहायला हवं.

आता कामाचं बोलू. तुमच्याकडे सहा महिने आहेत, पैसे नाहीत. सोपा मार्ग हवा असेल तर मराठी विकिपीडिया घ्या. १ मे २००३ पासूनचा त्याचा सगळा संपादन-इतिहास उघडा आहे, कुणाची परवानगी लागत नाही. २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने महाविद्यालयांत कार्यशाळा होतात, नवी खाती उघडली जातात. त्यातली जूनमध्ये किती जिवंत आहेत एवढं मोजलंत आणि टिकलेल्या व न टिकलेल्या दहा-दहा जणांशी बोललात तरी ते उपयोगाचं होईल. इंग्रजी विकिपीडियाबद्दल हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की नवख्यांचं लेखन यंत्रं झटपट उडवू लागली आणि माणसं टिकेनाशी झाली. आपल्याकडे कारण तेच आहे, की मोबाईलवर देवनागरी टंकायचा वैताग, की लिहिलेलं कुणी वाचतच नाही हे दुखणं?

अवघड मार्ग हवा असेल तर सोडून गेलेल्यांना फोन करा. फॉर्म पाठवू नका. पहिली दहा मिनिटं 'वेळ नाही' हेच ऐकायला मिळेल, ते लिहून घ्या आणि फोन ठेवू नका. दिवस कसा जातो ते विचारा, कुठे बसून वाचायचात ते विचारा, आवाज कोणकोणते यायचे ते विचारा. दुपारी दोन ते चार बायका निवांत बोलतात, पुरुष रविवारी सकाळी. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या, आणि २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एकदा वाचून ठेवा, कारण व्हॉट्सॲपचा गट उतरवून घेतला की त्यात ज्यांनी संमती दिलेली नाही अशांचे क्रमांकही येतात. अंध विद्यार्थ्यांचं संमतीपत्रक त्यांना ऐकता येईल अशा स्वरूपात द्या. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे आलेल्या एका संशोधिकेने त्यांच्यापुढे छापील कागद सह्यांसाठी ठेवला होता.

माझ्या वहीतल्या त्या महिन्याच्या नोंदी, उन्हाळ्यातल्या फोनची टिपणं, आणि ते जुनं सूचनापत्र, नावं काढून टाकून मी तुम्हाला देईन. अट एक आहे. लघुप्रबंध झाला की त्याचा निष्कर्षाचा भाग आमच्या ऐकणाऱ्या मुलांसाठी तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित करायचा. पानांचे क्रमांक सांगून, तक्त्यांचे रकाने दर ओळीला पुन्हा सांगून, सपाट आवाजात. पंखा चालू असला तरी चालेल.